खड्ड्यातला माणूस आणि पलीकडची उडी : ‘केव्ह स्टोरी’ या खेळाविषयी

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आपल्यापैकी काही जणांनी मला विचारलं, की सर, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवून आता व्हिडिओ गेमवर बोलणार? माझं उत्तर असं, की मी तत्त्वज्ञानावरच बोलणार आहे. उदाहरण फक्त एका खेळाचं घेणार आहे. नीतिशास्त्रात आपण काल्पनिक प्रसंग रचतो आणि विचारतो, ‘इथे तुम्ही काय कराल?’ विद्यार्थी बाकावर बसून उत्तर देतो. खेळात मात्र त्याला ते हाताने करावं लागतं. हा फरक लहान नाही.

खेळाचं नाव ‘केव्ह स्टोरी’. मूळ जपानी नाव ‘दोऊकुत्सु मोनोगातारी’, म्हणजे गुहेची गोष्ट. दाइसुके आमाया या एकट्या माणसाने तो फावल्या वेळात, सुमारे पाच वर्षं खपून केला. चित्रं त्याची, संगीत त्याचं, कथा त्याची, प्रोग्रॅमिंगही त्याचंच. आणि 2004 च्या डिसेंबरात त्याने तो लोकांना फुकट देऊन टाकला. त्या काळी मोठ्या कंपन्यांचे खेळ त्रिमित झाले होते, खऱ्यासारखे दिसू लागले होते. याने मात्र मुद्दाम जुनी, ठिपक्याठिपक्यांची चित्रं निवडली. लाल टोपीचा एवढासा नायक, सशासारख्या कानांचे ‘मिमिगा’ नावाचे गोंडस जीव, आणि आकाशात तरंगणारं एक बेट. नायक यंत्रमानव आहे, आणि गुहेत जागा होतो तेव्हा त्याला स्वतःचं नावही आठवत नाही.

हा शोधाचा, उड्या मारत पुढे जाण्याचा खेळ आहे. 1986 च्या ‘मेट्रॉइड’ची ही परंपरा. बंद वाटा असतात. काही साधन मिळालं की जुनी वाट उघडते. बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञाने 1978 साली खेळाची फार नेमकी व्याख्या केली. तिचा आशय असा, की ज्या अडचणी टाळता आल्या असत्या त्या आपण होऊन अंगावर घेऊन ओलांडणं, म्हणजे खेळणं. सत्तरीनंतरच्या माझ्या बोटांना ही व्याख्या चांगलीच पटली आहे! नातीला जी उडी एका दमात जमते, तिला मला पंधरा-वीस वेळा लागतात. पण त्या पंधरा-वीस वेळांत माणूस विचार करतो, हेही खरं.

आता बघा. खेळाच्या सुरुवातीला एका झोपलेल्या म्हाताऱ्या कारागिराच्या घरातून नायक बंदूक उचलतो. खेळणाऱ्याला त्यात वावगं वाटत नाही, कारण खेळात पेटी दिसली की उघडायची, हा आपला संस्कार. पुढे कर्ली नावाची दुसरी यंत्रमानव मुलगी त्या बंदुकीच्या बदल्यात मशीनगन देऊ करते. सौदा फायद्याचा दिसतो. पण तो नाकारून मूळ बंदूक जपणारा खेळाडू खूप पुढे त्या कारागिराकडे परत गेला, तर बंदूक आपलीच आहे हे तो ओळखतो आणि तिच्यापासून अधिक चांगलं हत्यार घडवून देतो. म्हणजे तुम्ही विसरलात तरी तुमचं कर्म खेळाच्या लक्षात असतं. कर्मसिद्धान्त शिकवताना मला इतकं सोपं उदाहरण कधी सापडलं नव्हतं.

पण माझा खरा प्रश्न याच्या पुढचा आहे. वाटेत एक चक्रव्यूह लागतो. तिथे बूस्टर नावाचे एक प्राध्यापक वरून खाली कोसळतात आणि एका खड्ड्यात जखमी होऊन पडतात. तुम्ही काय कराल? कुठलाही भला माणूस खाली उतरून विचारपूस करेल. तसं केलंत, तर ते आपलं उडण्याचं अर्धवट यंत्र तुम्हाला देतात आणि प्राण सोडतात. आणि जर त्यांच्याकडे न जाता, तो अवघड खड्डा एका उडीत पार करून निघून गेलात, तर ते वाचतात! पुढे जिवंत भेटतात आणि सुधारलेलं यंत्र देतात. त्या यंत्राखेरीज खेळाचा सर्वांत खोल, सर्वांत चांगला शेवट गाठता येत नाही. आणि त्या क्षणी खेळ याची काही सूचना देत नाही.

नात म्हणाली, ‘आजोबा, हे अन्यायाचं आहे. मदत करणाऱ्यालाच शिक्षा?’ तिचा आक्षेप रास्त आहे. म्हणून आपण तीन खेळाडू कल्पू. पहिला दयेपोटी थांबतो. दुसरा बेफिकीर आहे, खड्ड्यातल्या माणसाकडे न बघताच उडी मारतो. तिसऱ्याने आधीच कुठेतरी वाचलेलं आहे, म्हणून तो जाणूनबुजून उडी मारतो. दुसऱ्याची आणि तिसऱ्याची कृती पडद्यावर अगदी एकसारखी दिसते. फळही एकच. पण आपण दोघांना एका मापाने मोजू का? नाही. एकाने माणसाला टाकलं, दुसऱ्याने माणसाला वाचवलं. आणि पहिला? त्याच्या हातून वाईट फळ आलं, पण त्याला जेवढं ठाऊक होतं तेवढ्यावर त्याने योग्य तेच केलं.

म्हणजे कृतीचा न्याय करताना तीन गोष्टी वेगळ्या धराव्या लागतात : हेतू, ज्ञान आणि फळ. कांट हेतूवर बोट ठेवतो, उपयुक्ततावादी फळावर. 1976 मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी ‘नैतिक दैव’ हा प्रश्न मांडला. जे आपल्या ताब्यात नव्हतं त्यावरूनही लोक आपल्याला बरंवाईट ठरवतात, याचं काय करायचं? गीतेतला निष्काम कर्माचा विचारही याच जागी उभा आहे, कारण फळावर आपला अधिकार नाही हे मान्य करूनच तो कर्माकडे वळतो.

कुणी म्हणेल, मग हा खेळ ‘पडलेल्याकडे बघू नका’ असं शिकवतो का? मुळीच नाही. त्याच वाटेवर पुढे कर्ली स्वतःची हवेची टाकी नायकाला देऊन पाण्यात बुडते. तिला वाचवायचं तर तिला दोरीने बांधून आपल्याबरोबर न्यावं लागतं, तिच्या अंगात भरलेलं पाणी काढावं लागतं. तिथे थांबणं हेच बरोबर. म्हणजे ‘नेहमी थांबा’ किंवा ‘नेहमी पुढे चला’ असा एकच नियम लावून चालत नाही. प्रत्येक प्रसंग नव्याने बघावा लागतो.

आणि आता ज्यासाठी मी हा विषय घेतला ते सांगतो. माझ्या वयाच्या माणसांमध्ये एक वाक्य फार ऐकू येतं : ‘मी तेव्हा तसं केलं असतं, तर ती वाचली असती.’ कुणी दवाखान्यात लवकर नेलं नाही म्हणून, कुणी घाईने नेलं म्हणून. माणसं वीस-वीस वर्षं हे ओझं वाहतात. खेळात या ‘जर-तर’ला उत्तर आहे. पुन्हा सुरुवात करा, उडी मारा, आणि बूस्टर जगतात हे डोळ्यांनी पाहा. आयुष्यात दुसरी वाट कुणी चालून पाहिलेली नसते. तरी आपण स्वतःला दोष देतो तो असा, जणू उत्तरं लिहिलेली वही तेव्हा हातात होती आणि आपण ती उघडली नाही. ती वही नव्हतीच. आपण पहिल्यांदाच खेळत होतो.

निष्काळजीपणा झाला असेल तर तो कबूल करावा. त्यातून सुटका नाही. पण जो खड्ड्यात उतरला, ज्याने जखमी माणसाचा हात धरला, त्याने फळाकडे बघून स्वतःला गुन्हेगार ठरवू नये. एवढं एक जरी घरी घेऊन गेलात, तरी आजचं व्याख्यान पुरे झालं असं मी समजेन.