पहिल्या दिवसाचे आकडे

अमेरिकेतील शिकागो शहरात १६ एप्रिल १९४० या दिवशी बेसबॉलचा एक सामना झाला. मैदानावर उतरताना शिकागोच्या व्हाइट सॉक्स संघातील प्रत्येक फलंदाजाची त्या हंगामातील सरासरी शून्य होती, आणि सामना संपवून घरी परतताना प्रत्येकाची सरासरी शून्यच राहिली. एका संपूर्ण संघाने नऊ डाव खेळावेत आणि एकाही खेळाडूच्या सरासरीत तिळमात्र फरक पडू नये, हे ऐकताना एखादे गणिती कोडे घातल्यासारखे वाटते. कोड्याचे उत्तर मात्र सोपे आहे. तो हंगामाचा पहिलाच दिवस होता, आणि समोरून क्लीव्हलंडचा बॉब फेलर नावाचा एकवीस वर्षांचा तरुण चेंडू टाकीत होता. त्याने त्या दिवशी कोणालाही एकही हिट मिळू दिली नाही.

क्रिकेटच्या सरासरीची आपल्याला इतकी सवय झालेली असते की बेसबॉलची सरासरी निराळ्या रीतीने काढतात, हे आधी सांगावे लागते. तेथे धावांना बाद होण्याच्या संख्येने भागीत नाहीत. फलंदाजाने चेंडू असा मारला की क्षेत्ररक्षकाची चूक नसताना तो निदान पहिल्या बेसपर्यंत सुखरूप पोहोचला, तर त्याच्या नावावर एक हिट मांडली जाते. अशा हिटांच्या संख्येला फलंदाजीच्या संधींनी भागायचे आणि उत्तर दशांशाच्या तीन स्थळांपर्यंत काढायचे. पिचरने चार चेंडू ठरलेल्या कक्षेबाहेर टाकले आणि फलंदाजाने ते सोडून दिले, तर त्याला पहिला बेस फुकट मिळतो. ती खेप या हिशेबात धरीत नाहीत. दहांपैकी तीन वेळा ज्याला हिट साधते, त्याची सरासरी ·३००, आणि तो उत्तम फलंदाज. म्हणजे दहांत सात वेळा अपयशी ठरणाऱ्या माणसाला या खेळात मान मिळतो. ही गोष्ट मला नेहमीच मोठी माणुसकीची वाटत आली आहे.

या हिशेबाच्या मुळाशी क्रिकेटच आहे. हेन्री चॅडविक हा इंग्लंडमधील एक्सेटर येथे १८२४ साली जन्मलेला गृहस्थ लहानपणीच अमेरिकेत गेला. पुढे तो न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांसाठी क्रिकेटच्या सामन्यांची वार्तापत्रे लिहू लागला, आणि मग बेसबॉलने त्याला असे वेधले की उरलेले आयुष्य त्याने त्याच खेळाला वाहिले. एका सामन्याची सारी हकीकत एका लहानशा कोष्टकात बसवण्याची जी पद्धत आजही वृत्तपत्रांत दिसते, तिला वळण लावले ते त्याने. २० एप्रिल १९०८ रोजी तो वारला. त्या वर्षीचा हंगाम सुरू होऊन तेव्हा आठवडाही लोटला नव्हता.

आता पुन्हा फेलरकडे वळू. क्लीव्हलंडला त्या सामन्यात एकच धाव मिळाली. चौथ्या डावात यष्टिरक्षणासारखेच काम करणाऱ्या रॉली हेम्स्लीच्या फटक्यावर ती निघाली. ती धाव सांभाळीत फेलर नवव्या डावापर्यंत आला. दोन गडी बाद झाले. मग ल्यूक ॲप्लिंग हा चिवट फलंदाज एकामागून एक चेंडू रेषेबाहेर तटवू लागला. अखेरीस फेलरने त्याला फुकट बेस देऊन टाकला. पुढचा फलंदाज टॅफ्ट राइट. त्याचा जोरकस फटका दुसऱ्या बेसजवळच्या रे मॅकने कसाबसा अडवला, पहिल्या बेसकडे फेकला आणि सामना संपला. क्लीव्हलंड १, शिकागो ०. हंगामाच्या सलामीला पूर्ण सामना खेळून एकही हिट न देण्याचा हा पराक्रम २०२५ च्या हंगामापर्यंत दुसऱ्या कोणाच्याही नावावर लागलेला नाही.

एखादा चिकित्सक गणिती येथे हरकत घेईल. सामन्यापूर्वी कोणालाही संधीच मिळालेली नव्हती. शून्याला शून्याने भागले तर उत्तर शून्य येत नाही, ते मुळी येतच नाही. हरकत रास्त आहे. वृत्तपत्रे मात्र त्या जागी तीन शून्ये छापतात आणि वाचकही ती निमूटपणे मान्य करतात. पहिल्या दिवसाचे सारे आकर्षण त्या तीन शून्यांत आहे. गेल्या वर्षीचा अव्वल फलंदाज आणि काल संघात आलेला पोरगा त्या सकाळी एकाच पायरीवर उभे असतात.

फेलरच्या आधी एकतीस वर्षे, १५ एप्रिल १९०९ रोजी, न्यूयॉर्कच्या लिऑन एम्सनेही सलामीच्या सामन्यात नऊ डावांत एकही हिट दिली नव्हती. दुर्दैव असे की त्याच्या सोबत्यांनाही धाव काढता आली नाही. सामना लांबला, दहाव्या डावात पहिली हिट गेली आणि तेराव्यात ब्रुकलिनने ३–० असा विजय मिळवला. तथापि नऊ डावांचा तो पराक्रम म्हणून पुस्तकांत बरीच वर्षे नोंदलेला असे. १९९१ साली नियम अधिक काटेकोर करण्यात आला आणि एम्सचे नाव त्या यादीतून गाळले गेले. ब्याऐंशी वर्षांपूर्वी खेळलेल्या सामन्याचा निकाल बदलला नाही. बदलली ती व्याख्या.

हिट कोणती आणि चूक कोणती, हे ठरवणारा लेखनिक हाही माणूसच असतो. १४ एप्रिल १९१० रोजी वॉशिंग्टन येथे राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांनी प्रेक्षागारातून पहिला चेंडू फेकला आणि राष्ट्राध्यक्षांनी हंगामाचा आरंभ करण्याची प्रथा सुरू झाली. त्या दिवशी वॉल्टर जॉन्सनने फिलाडेल्फियाला एकच हिट दिली. गर्दी इतकी लोटली होती की प्रेक्षक मैदानाच्या कडेलाच बसले होते. फ्रँक बेकरचा एक उंच चेंडू झेलण्यासाठी गेसलर धावला, एका प्रेक्षकाला अडखळला आणि चेंडू खाली पडला. त्याची नोंद हिट म्हणूनच झाली. प्रेक्षकाच्या नावावर चूक लिहिण्याचा रकाना चॅडविकच्या कोष्टकात नाही! जॉन्सनने एकूण चौदा सलामीचे सामने सुरू केले, त्यांतील नऊ जिंकले, आणि त्या नवांपैकी सातांत प्रतिपक्षाला एकही धाव दिली नाही. १९२६ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, त्याने पंधरा डाव एकट्याने चेंडू टाकून १–० असा विजय मिळवला.

फलंदाजांत पहिल्या दिवसाचा राजा म्हणावा तो बोस्टनचा टेड विल्यम्स. त्याने सलामीचे चौदा सामने खेळले आणि प्रत्येकात निदान एक हिट मिळवली. ४९ संधींत २२ हिट, सरासरी ·४४९. त्याची आयुष्याची सरासरी ·३४४. मग तो पहिल्या दिवशी एवढा अधिक चांगला कसा खेळत असे? एप्रिलच्या गारव्यात त्याच्या अंगात काही वेगळे संचारत असे काय? तसे म्हणण्यापूर्वी एक साधा हिशेब करावा. बावीसच्या जागी सतरा हिट धरल्या तर सरासरी ·३४७ होते, म्हणजे जवळजवळ त्याची नेहमीचीच. सारा चमत्कार चौदा सामन्यांतल्या पाच फटक्यांचा आहे. पाच फटके वारा इकडून तिकडे वाहिला तरी कमी-अधिक होतात. १८ एप्रिल १९६० रोजी वॉशिंग्टनच्या मैदानावर हंगामातील आपल्या पहिल्याच संधीला विल्यम्सने होम रन मारली, ही आख्यायिकेसारखी गोष्ट खरी आहे. परंतु त्याच सामन्यात कामीलो पास्कुआलने बोस्टनचे पंधरा फलंदाज बाद केले आणि बोस्टन १०–१ असे हरले, हेही तितकेच खरे आहे.

थोड्या संधींवरून मोठे अनुमान काढू नये, हे सांख्यिकीचे सूत्र शिकवण्यासाठी मला टफी ऱ्होड्सपेक्षा चांगले उदाहरण सापडलेले नाही. ४ एप्रिल १९९४ रोजी शिकागो कब्जच्या या खेळाडूने आपल्या पहिल्या तिन्ही संधींत तीन होम रन मारल्या, आणि त्याही ड्वाइट गुडनसारख्या नामांकित पिचरला. याच गतीने १६२ सामन्यांचे त्रैराशिक मांडले तर ४८६ होम रन होतात. संपामुळे ऑगस्टमध्येच तुटलेल्या त्या हंगामात त्याच्या खात्यावर एकूण आठ होम रन जमा झाल्या. म्हणजे पहिल्या दिवशी तीन आणि उरलेल्या साऱ्या महिन्यांत पाच. अमेरिकेतील त्याची एकंदर बेरीज तेरावर थांबली. असा माणूस विस्मृतीतच जायचा. परंतु तो जपानला गेला, तेथे त्याने ४६४ होम रन मारल्या आणि २००१ साली एका हंगामात ५५ मारून सादाहारू ओच्या विक्रमाशी बरोबरी केली. पहिल्या दिवसाचा आकडा खोटा होता की खरा होता, हे आता मलाही सांगता येत नाही.

आणि एक आकडा असा आहे की ज्यावरून काहीच कळत नाही. १५ एप्रिल १९४७, ब्रुकलिनचे एबेट्स फील्ड. पहिल्या बेसवर खेळणाऱ्या एका नव्या खेळाडूच्या नावापुढे कोष्टकात लिहिले आहे : संधी ३, हिट ०, धाव १. त्याचे नाव जॅकी रॉबिन्सन. विसाव्या शतकातील श्रेष्ठ दर्जाच्या बेसबॉलमध्ये तोपर्यंत कृष्णवर्णीयाला प्रवेश नव्हता. कोठे लिहिलेला कायदा नव्हता, मालकांचा आपापसांतला समज होता, आणि असला समज कायद्याहून मोडायला कठीण असतो. त्या दिवशी आलेल्या सुमारे सव्वीस हजार प्रेक्षकांत कृष्णवर्णीय स्त्रीपुरुष फार मोठ्या संख्येने होते. सातव्या डावात रॉबिन्सनने चेंडू हळूच पुढ्यात ढकलला आणि तो धावत सुटला. घाईत बोस्टनच्या खेळाडूची फेक चुकली आणि रॉबिन्सन थेट दुसऱ्या बेसवर गेला. लगेच पीट रायझरच्या फटक्यावर तो घरी आला, आणि ब्रुकलिनला आघाडी देणारी ती धाव ठरली. सामना ब्रुकलिनने ५–३ असा जिंकला. सरासरीच्या रकान्यात शून्य. हंगामाअखेर त्याची सरासरी ·२९७ झाली आणि वर्षातील सर्वोत्तम नवा खेळाडू म्हणून त्याची निवड झाली.

सत्तावीस वर्षांनी, ४ एप्रिल १९७४ रोजी, हँक आरनने सिनसिनाटी येथे हंगामातील पहिल्याच वेळी बॅट फिरवली आणि बेब रूथच्या ७१४ होम रनांच्या विक्रमाशी बरोबरी केली. आदला सारा हिवाळा त्याने ७१३ वर काढला होता. एका गोऱ्या दैवताचा विक्रम कृष्णवर्णीयाने मोडू नये म्हणून त्याला धमक्यांची पत्रे येत होती. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येला त्या दिवशी सहा वर्षे पुरी होत होती. सामन्यापूर्वी क्षणभर स्तब्ध उभे राहावे, अशी विनंती आरनने केली होती. ती मानली गेली नाही. त्याच्या फटक्याची नोंद मात्र झाली.

त्यापुढच्या वर्षी, ८ एप्रिल १९७५ रोजी, फेलरच्याच क्लीव्हलंडमध्ये फ्रँक रॉबिन्सन हा श्रेष्ठ दर्जाच्या बेसबॉलमधील पहिला कृष्णवर्णीय व्यवस्थापक म्हणून मैदानावर आला. तो स्वतः खेळतही होता. जॅकी रॉबिन्सनने १९७२ च्या ऑक्टोबरात, मृत्यूपूर्वी नऊ दिवस, असा व्यवस्थापक पाहण्याची इच्छा जाहीरपणे बोलून दाखवली होती. पहिला चेंडू त्याच्या पत्नीने, रेचल रॉबिन्सनने फेकला. संघाची यादी फ्रँकने स्वतःच लिहिली होती आणि तीत स्वतःला दुसऱ्या क्रमांकावर घातले होते. आपल्या पहिल्याच संधीला त्याने होम रन मारली. सलामीच्या दिवसाची ती त्याची आठवी. पुढे केन ग्रिफी धाकटा आणि ॲडम डन यांनी त्या संख्येशी बरोबरी केली. क्लीव्हलंडने न्यूयॉर्कवर विजय मिळवला. धावसंख्या होती ५–३, १९४७ साली ब्रुकलिनला होती तीच.