विश्लेषण : एक किलो गव्हल्यांसाठी २५ हजार चिमटी! हाताच्या वळवटाचे गणित काय?

चैत्र-वैशाखात परभणी जिल्ह्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि घरोघरी वाळवणाची घाई सुरू होते. गच्चीवर कुरडया, पापड, खारोड्या पडतात. त्याच वेळी घरातल्या सावलीत आणखी एक काम चाललेले असते. चार-पाच बायका गोल करून बसतात, मध्ये परात किंवा सूप असते आणि प्रत्येकीच्या अंगठा-तर्जनीतून गव्हाच्या दाण्याएवढी पिठाची कणी खाली पडत राहते. हे गव्हले. लग्नघरी मुहूर्ताला, सणावाराला खिरीला लागणारे हे वळवट आता कमी घरांत होते. शेवयांना यंत्र मिळाले, गव्हले मात्र बोटांवरच राहिले. वळवट म्हणजे नेमके काय, त्यामागे पिठाचे कोणते शास्त्र आहे आणि बचत गटांना ते विकणे का परवडत नाही, याविषयी…

वळवट म्हणजे नेमके काय?

रव्याचे किंवा गव्हाच्या पिठाचे घट्ट कणीक भिजवून, त्याचे बारीक आकार हाताने वळून, वाळवून वर्षभरासाठी साठवतात. या सगळ्या प्रकारांना मिळून वळवट म्हणतात. दोन्ही टोके निमुळती असलेले ते गव्हले, नखाने दाबून खोलगट केलेले ते नखुले, स्वच्छ फणीवर दाबून रेघा उमटवलेले ते फणोले. बोटवे, मालत्या, शंखोल्या अशी आणखीही नावे आहेत. गावागणिक आणि घरागणिक नावे व आकार थोडे बदलतात. पाटावर तळहाताने ओढलेल्या हातशेवयाही याच कुटुंबातल्या. लग्नाच्या तयारीचा मुहूर्त करताना सांडगे-पापडांबरोबर गव्हलेही वळले जातात आणि रुखवतात वळवटाची ताटे मांडली जातात. भाद्रपदात मराठवाड्यात महालक्ष्म्या बसतात, तेव्हा अनेक घरांत नैवेद्याला वळवटाची खीर असते.

पीठ ‘वळते’ ते कशामुळे?

गव्हात ग्लियाडिन आणि ग्लुटेनिन ही दोन प्रथिने असतात. पाणी मिळाले आणि मळणे सुरू झाले की ती एकमेकांत गुंतून जाळे तयार करतात. या जाळ्याला ग्लुटेन म्हणतात. ग्लियाडिनमुळे कणीक ताणली जाते, तर ग्लुटेनिनमुळे ती मागे खेचली जाते. नुकतीच मळलेली कणीक लाटताना आक्रसते, ती या ओढीमुळे. झाकून ठेवली की जाळे सैल पडते. म्हणूनच ‘रवा दोन तास भिजू दे, मग कुटून घे’ असे जुन्या बायका सांगतात. भिजल्याने रव्याच्या कणाच्या आतपर्यंत पाणी पोहोचते आणि कुटल्याने जाळे एकसारखे होते.

गव्हाची जातही महत्त्वाची असते. शेवया आणि रव्यासाठी जुन्या घरांत बन्सी गहू वेगळा ठेवला जाई. तो ड्युरम प्रकारातला, कडक दाण्याचा. त्याची कणीक चिवट असते, पण फार लवचिक नसते. त्यामुळे दिलेला आकार तसाच राहतो आणि शिजल्यावर लगदा होत नाही. इटलीत पास्ता याच ड्युरम गव्हापासून होतो, त्याचे कारणही हेच.

ज्वारीचे पीठ का वळत नाही?

परभणीचे रोजचे धान्य ज्वारी. ‘परभणी मोती’ आणि ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचे वाण परभणीच्याच वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे. त्यांपैकी ‘परभणी शक्ती’ हा लोह आणि जस्त अधिक असलेला वाण ‘इक्रिसॅट’ या संस्थेबरोबर विकसित होऊन २०१८ मध्ये आला. पण ज्वारी कितीही पौष्टिक असली, तरी तिच्या पिठाची शेवई ओढता येत नाही. ज्वारीच्या प्रथिनांचे गव्हासारखे जाळे होत नाही.

मग भाकरी कशी होते? त्याचे उत्तर उकळत्या पाण्यात आहे. साधारण ७० अंश सेल्सिअसच्या आसपास ज्वारीतला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि चिकट होतो. हा चिकटपणा ग्लुटेनचे काम थोडेफार भागवतो. तरीही पीठ ताणले की तुटते. म्हणून भाकरी ओढत नाहीत, थापतात. धपाटे ओल्या फडक्यावर थापतात. ज्वारीच्या पिठाची शेंगोळी वळतात तीही जाड, कारण बारीक वळली तर ती रश्श्यात विरघळतात. थोडक्यात, घरातल्या एकाच हाताला दोन वेगळ्या पिठांच्या सवयी असतात. गव्हाला ताण द्यायचा आणि ज्वारीला दाब. कुठला पदार्थ ओढायचा आणि कुठला थापायचा, हे आधी धान्य ठरवते, मग स्वयंपाकघर.

आकार शोभेसाठी की खिरीसाठी?

दोन्हीसाठी. नखुल्याच्या मधल्या खळग्यामुळे तो कडेला आणि मध्ये सारख्याच वेळात शिजतो. तेवढ्याच पिठाची गोळी केली, तर ती बाहेरून मऊ आणि आतून कच्ची राहील. फणोल्यावरच्या रेघांमध्ये दूध आणि गूळ धरून राहतो. जगात दुसरीकडेही बोटांनी हेच शोधून काढले आहे. इटलीच्या एमिलिया-रोमान्या भागात गार्गानेल्ली नावाचा पास्ता फणीसारख्या पट्टीवर दाबून वळतात. दक्षिणेकडील बारी शहरात बायका अंगठ्याने दाबून ‘ओरेकिएत्ते’ म्हणजे ‘छोटे कान’ करतात. नखुला आणि ओरेकिएत्ते शेजारी ठेवले, तर पटकन फरक कळणार नाही. फरक पुढे पडतो. त्यांचा पास्ता टोमॅटो-भाज्यांबरोबर जातो, इथले वळवट तुपावर परतून दूध-गुळात.

खिरीचेही एक शास्त्र आहे. गव्हले आधी तुपावर गुलाबी परतले की ते शिजताना एकमेकांना चिकटत नाहीत. गूळ मात्र उकळत्या दुधात घालत नाहीत. त्यातल्या आम्लामुळे दूध फाटू शकते. खीर उतरवून जरा निवल्यावर गूळ घालायचा, ही रीत त्यातूनच आली.

सावलीतच का वाळवायचे?

कुरडई कडक उन्हात टाकतात, वळवट मात्र आधी सावलीत. गव्हल्याचा बाहेरचा थर झटकन वाळला आणि आत ओल राहिली, तर आतला भाग नंतर आक्रसतो आणि तडे जातात. असे गव्हले शिजताना मोडतात. पास्त्याच्या कारखान्यांतही हवेतली आर्द्रता सांभाळत हळूहळू वाळवणी केली जाते. इटलीच्या कायद्यानुसार सुक्या पास्त्यात ओलावा १२.५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. घरी मोजमापाचे यंत्र नसते, तिथे आवाज कामाला येतो. मूठभर गव्हले ताटात टाकल्यावर खणखणले, तर ते डब्यात भरायचे. बद्द आवाज आला, तर आणखी एक दिवस.

धोंड्याच्या महिन्यात अनारशालाच मान का?

हाताने होणाऱ्या गोडात अनारसा सगळ्यांत अवघड मानला जातो आणि त्याला अधिक महिन्यात विशेष मागणी असते. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचे आणि सौर वर्ष ३६५ दिवसांचे. वर्षाला ११ दिवसांचा फरक पडतो आणि तीन वर्षांत तो ३३ दिवसांवर जातो. तो भरून काढण्यासाठी अधिक महिना येतो. २०२६ मध्ये तो १७ मे ते १५ जून असा ज्येष्ठात आहे. या महिन्यात लेक-जावयाला घरी बोलावून ३३ अनारसे किंवा बत्तासे देण्याची रीत आहे. वाणासाठी जाळीदार पदार्थच निवडतात. पुरण भरून केलेले कणकेचे ‘धोंडे’ही जावयाच्या ताटात असतात.

अनारशात ग्लुटेन नाही, कारण तो तांदळाचा. तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, ओलसर असतानाच दळतात आणि गूळ घालून पीठ काही दिवस मुरवतात. इथे पीठ धरून ठेवते ती गुळाची ओल. खसखशीवर थापलेला अनारसा गरम तुपात सोडला की आतल्या पाण्याची वाफ होते आणि जाळी पडते. म्हणून तो उलटायचा नाही, वरून तूप उडवायचे. गूळ जास्त झाला तर अनारसा तुपात पसरून विरघळतो. त्यालाच ‘अनारसा हसला’ म्हणतात. मग पिठात थोडी तांदळाची पिठी मिसळतात. पीठ कोरडे झाले असेल, तर चमचाभर दूध किंवा केळ्याचा तुकडा घालून ते सावरतात.

यंत्रामुळे काय बदलले?

पाटावर शेवया ओढणे हे पाठ मोडणारे काम होते. आधी हाताने फिरवायचे शेवयांचे यंत्र आले आणि मग गावोगावी विजेवरच्या शेवया-गिरण्या. आता रवा घेऊन रांगेत बसले की दुपारपर्यंत वर्षाच्या शेवया घरी येतात. बायकांचे कष्ट वाचले, ही खरी कमाई आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही.

मात्र यंत्र चाळणीतून पीठ दाबून बाहेर काढते. एकसारखी तार पडायची असेल, तर त्याला ते उत्तम जमते. निमुळत्या टोकांचा गव्हला किंवा नखाचा खळगा गावच्या गिरणीत निघत नाही. परिणामी ज्या प्रकाराला यंत्र मिळाले तो टिकला आणि जो हातावरच राहिला तो मागे पडला.

२५ हजार चिमटींचा हिशेब काय?

गव्हाच्या हजार दाण्यांचे वजन सरासरी ४० ग्रॅमच्या आसपास भरते. गव्हला साधारण तेवढाच धरला, तर एका किलोत २५ हजार गव्हले होतात. सेकंदाला एक या वेगाने ते वळायला २५ हजार सेकंद, म्हणजे जवळपास सात तास लागतात. तेही एकदाही हात न थांबवता. सराईत बाई याहून भरभर वळते, पण सलग सात तास कुणीच बसत नाही. पीठ कुटणे, वाळवणे आणि निवडणे यांचा वेळ वेगळाच. त्यामुळे एक किलो गव्हले म्हणजे एका बाईचे किमान एक ते दोन दिवस.

२०२५-२६ मध्ये रोजगार हमीच्या कामाचा महाराष्ट्रातला दर दिवसाला ३१२ रुपये होता. हा दर लावला, तर किलोमागे केवळ मजुरीच ३१२ ते ६२४ रुपये होते. रवा, दूध, पिशवी, वाहतूक आणि दुकानदाराचे कमिशन अजून धरलेलेच नाही. ग्राहक मात्र त्याची तुलना शेवयांच्या पुड्याशी करतो. प्रदर्शनात भाव ऐकून ‘एवढे महाग?’ म्हणणारा आणि कमी भाव लावून बसलेली बचत गटातली बाई, दोघांनीही हा हिशेब केलेला नसतो. घरात हे काम फुकट होत होते, म्हणून त्याची किंमत कधी कुणी काढलीच नाही.

विकायचे तर कसे?

पहिली गोष्ट, किलोचा भाव लावू नये. पाच-सहा जणांच्या खिरीला १०० ग्रॅम गव्हले पुरतात. १०० ग्रॅमची पिशवी, तिच्यावर ‘हाताने वळलेले, अंदाजे २५०० गव्हले’ अशी ओळ आणि मागे खिरीची कृती असेल, तर ग्राहक काय विकत घेतो आहे हे त्याला समजते. दुसरी गोष्ट हंगामाची. लग्नसराई, अधिक महिना आणि महालक्ष्म्या या तीन वेळी रुखवत व नैवेद्यासाठी मागणी असते. तेव्हा आधी मागणी घेऊन, मगच वळवट करणे परवडते. तिसरी गोष्ट परवान्याची. घरून खाद्यपदार्थ विकायलाही अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत बचत गटाच्या सदस्याला ४० हजार रुपयांपर्यंत बीजभांडवलाची तरतूद करण्यात आली. पीठ मळण्याचे यंत्र किंवा वाळवणी-यंत्र अशा कामांना यांत्रिक मदत घेऊन फक्त वळणे हाती ठेवले, तर वेळ वाचतो आणि मालाची ओळखही कायम राहते.

हे कसब टिकवायचे तर काय करावे?

वळवटाची कृती पुस्तकात सापडते, पण ‘पीठ झाले’ हे कधी समजायचे, ते बोटांनाच ठाऊक असते. आजीला विचारले तर उत्तर येते, ‘अंदाजाने.’ तो अंदाज मोजता येतो. आजी रवा घेईल तेव्हा तो आधी वजनकाट्यावर ठेवावा. दूध किंवा पाणी मापाच्या भांड्यातून द्यावे आणि उरलेले वजा करावे. भिजवल्याची आणि कुटल्याची वेळ लिहून ठेवावी. वळताना मोबाइल तिच्या चेहऱ्यावर न धरता बोटांवर धरावा, शक्यतो बाजूने. अंगठा पुढे सरकतो की तर्जनी मागे, एवढ्याच फरकाने गव्हल्याला टोक येते किंवा येत नाही.

शिकणाऱ्याने पहिल्याच दिवशी किलोभर करायला बसू नये. ५० ग्रॅम रवा पुरेसा आहे. त्यातूनही हजारावर गव्हले निघतात आणि पहिले शंभर वाकडेच होतात. खिरीत तेही शिजतात.