प्राणायामावर संशोधन करायचंय? आधी श्वास मोजा

‘प्राणायामाने शरीराला जास्त ऑक्सिजन मिळतो.’ हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतो आणि सिनॉप्सिसच्या प्रस्तावनेत ते सहज लिहूनही टाकतो. पण जरा थांबा. निरोगी माणसाच्या बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावलात, तर शांत बसल्यावरही साधारण ९५ ते १०० टक्के आकडा दिसतो. म्हणजे हिमोग्लोबिन आधीच जवळपास भरलेलं असतं. फायदा होत असेल, तर त्याचं कारण दुसरीकडे शोधावं लागेल.

हा शोध आपल्याकडे जुना आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केलं आणि त्याच वर्षी ‘योग मीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं. उड्डियान आणि नौली करताना पोटात नेमकं काय होतं, हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापन वापरून तपासलं. परंपरेबद्दल आदर ठेवूनही मोजमाप करता येतं, हा धडा तिथून घ्यावा.

आता पहिली अडचण: ‘प्राणायाम’ म्हणजे नक्की काय? हठप्रदीपिकेत भस्त्रिका आणि भ्रामरी कुंभकांमध्ये येतात, तर कपालभाती षट्कर्मांमध्ये, म्हणजे शुद्धिक्रियांमध्ये. भस्त्रिकेत श्वास जोरात आणि भरभर चालतो, भ्रामरीत उच्छ्वास लांबतो. वेगाने खोल श्वास घेत राहिलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि चक्कर येऊ शकते. संथ श्वसनाचा परिणाम वेगळाच असतो. त्यामुळे ‘प्राणायामाचा परिणाम’ हा विषय फार ढोबळ झाला. क्रिया कोणती, मिनिटाला किती श्वास, किती मिनिटं, किती आठवडे, हे आधी ठरवा.

दुसरी अडचण जास्त फसवी आहे. मनावरचा ताण मोजायला बरेच जण एचआरव्ही वापरतात, म्हणजे हृदयाच्या दोन ठोक्यांमधल्या अंतरात होणारा चढउतार. श्वास आत घेताना ठोके थोडे जलद पडतात, सोडताना मंदावतात. साधारण १५ श्वास प्रति मिनिट असतील तर हा चढउतार ०.२५ हर्ट्झवर, म्हणजे एचएफ पट्ट्यात (०.१५ ते ०.४ हर्ट्झ) दिसतो. तुम्ही श्वास मिनिटाला ६ वर आणलात की तोच चढउतार ०.१ हर्ट्झवर सरकतो आणि एलएफ पट्ट्यात (०.०४ ते ०.१५ हर्ट्झ) मोजला जातो. एलएफ/एचएफ गुणोत्तर वाढतं. ‘गुणोत्तर वाढलं म्हणजे ताण वाढला’ असं पुस्तकी वाचन केलंत, तर शांत बसलेला साधक कागदावर तणावग्रस्त ठरेल!

याची उलट बाजूही बघा. मिनिटाला ६ श्वासांच्या आसपास रक्तदाब सांभाळणारी बॅरोरिफ्लेक्स यंत्रणा आणि श्वास यांचा ताल जुळतो, त्यामुळे एकूण एचआरव्हीही वाढतो. तो त्या पाच मिनिटांपुरता आहे की सरावाने शरीरात टिकाऊ बदल झाला, हे क्रिया चालू असतानाच्या ईसीजीवरून सांगता येत नाही. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की जपमाळेवरची प्रार्थना आणि योगातला मंत्र, दोन्ही म्हणताना श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो. मग परिणाम मंत्राचा की गतीचा?

इथेच तुमचा खरा संशोधन-प्रश्न सापडतो. एका गटाला नाडीशोधन द्या, दुसऱ्याला मेट्रोनोमवर त्याच गतीचा साधा श्वास. दोन्ही गटांना तितकाच वेळ आणि तितकंच लक्ष द्या. ईसीजीसोबत छातीला श्वसनपट्टा लावा. सरावाच्या आधी आणि काही आठवड्यांनंतर नेहमीच्या श्वासावर मोजणी करा. दोन्ही गटांत सारखाच बदल दिसला, तरी तो निष्कर्षच आहे. तो लपवायचा नाही.

आणि आध्यात्मिक बाजू? पतंजलींच्या अष्टांगांत प्राणायाम चौथा आहे, त्याच्या पुढे प्रत्याहार, धारणा, ध्यान, समाधी. प्रश्नावली फक्त माणूस स्वतःच्या अनुभवाबद्दल काय सांगतो ते नोंदवते. तेवढंच लिहा. ईसीजीच्या आलेखावरून समाधीबद्दल विधान करू नका, आणि आलेखात दिसली नाही म्हणून ती नाकारूही नका.

गाईडकडे जाण्याआधी एक वाक्य कागदावर लिहून बघा: कोणती क्रिया, कोणाच्या तुलनेत, काय मोजणार आणि कधी? हे चारही त्या वाक्यात बसले, तर तुमचा विषय तयार आहे.