मिलिमीटर आणि वाफसा

नांदेड जिल्ह्यातल्या भोकरच्या शिवारात डिसेंबरातला पाऊस उघडला की दुसऱ्या दिवशी शेतकरी आभाळाकडे कमी आणि पायाखाली जास्त बघतो. धुऱ्यावरून दोन पावलं आत जायचं, वीतभर खोलीची मूठभर माती उचलायची, तिचा लाडू वळायचा आणि कमरेच्या उंचीवरून सोडून द्यायचा. लाडू भुसभुशीत फुटला तर वाफसा आला. चपटा होऊन तसाच पडून राहिला तर औत, कोळपं, ट्रॅक्टर, फवारणीचा पंप, सगळं धुऱ्यावरच.

वाफसा म्हणजे मातीच्या मोठ्या पोकळ्यांतलं पाणी निथळून तिथे हवा परतलेली असते, पण बारीक पोकळ्यांत ओल धरलेली असते, ती अवस्था. मुळांना पाणी आणि हवा एकाच वेळी मिळते ती याच काळात. हिवाळी पावसाच्या बातम्यांत हा शब्द क्वचित येतो. तिथे मिलिमीटर असतात. शेतात मात्र दिवस मोजले जातात: वाफसा यायला किती दिवस लागणार, आणि तेवढ्या दिवसांत पीक कुठल्या अवस्थेत असणार.

भोकर, उमरी, हिमायतनगरच्या पट्ट्यात माळावर हलकी मुरमाड जमीन आहे आणि सखल भागात काळी कसदार. ही काळी माती बेसाल्ट खडक झिजून झालेली. तिच्यातली स्मेक्टाइट प्रकारची चिकणमाती पाणी पिऊन फुगते, वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. पहिलं पाणी या भेगांतून झपाट्याने खाली उतरतं. पण माती फुगून भेगा मिटल्या की पुढचं पाणी जिरायला जागाच मिळत नाही. खोल काळ्या रानात मीटरभर मातीत पिकाला वापरता येईल असं साधारण २०० मिलिमीटर पाणी साठतं. कोरडवाहू रब्बी याच साठ्यावर उभी असते. पावसाळा चांगला गेलेल्या वर्षी हा साठा भरलेला असतो, आणि त्यावर डिसेंबरात २० मिलिमीटर पाऊस पडला तर एकरामागे सुमारे ८० हजार लिटर पाण्याची भर पडते. खाली जागा नाही, वर ऊन नाही. हिवाळ्यात रात्र मोठी, सकाळी दव, दुपारी कोवळं ऊन. बाष्पीभवनाचा वेग मे महिन्याच्या जेमतेम एक तृतीयांश. मुरमाड रानात दोन दिवसांत वाफसा येतो, त्याच गावच्या काळ्या रानात आठवडा उलटला तरी पाय रुततो.

घाई केली तर नुकसान दुहेरी होतं. ओल्या काळ्या मातीवरून ट्रॅक्टरचं चाक गेलं की तिचे कण एकमेकांवर दाबले जाऊन खाली घट्ट थर बसतो आणि पुढच्या हंगामातल्या मुळांना तो आडवा येतो. वाट बघत बसलं तर वरची माती कडक होऊन कोळप्याखाली ढेकळं निघतात. या दोन्हींच्या मधले मोजके दिवस साधण्याला शेतकरी ‘घात साधणं’ म्हणतात.

हा पाऊस येतो कुठून? हवामान खात्याच्या कॅलेंडरात हिवाळा म्हणजे फक्त जानेवारी आणि फेब्रुवारी. ऑक्टोबर ते डिसेंबर हा मान्सूननंतरचा वेगळा हंगाम. शेतकऱ्याच्या हिशेबात मात्र दिवाळीपासून होळीपर्यंत सगळा रब्बीच. या काळात उत्तर भारतावरून पश्चिमी झंझावात, म्हणजे भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या थंड हवेच्या प्रणाली, पूर्वेकडे सरकत असतात. त्यातली एखादी नेहमीपेक्षा दक्षिणेला उतरली आणि त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून बाष्प आत आलं की वर थंड कोरडी आणि खाली उबदार दमट हवा अशी उतरंड मराठवाड्यावर रचली जाते. ती कोसळते तेव्हा विजा कडाडतात आणि गाराही पडतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीचं हे सत्र आठवड्यांमागून आठवडे चाललं आणि राज्यातल्या २८ जिल्ह्यांना त्याने झोडपलं. ११ फेब्रुवारी २०१८ पासूनच्या दोन-तीन दिवसांत मराठवाडा-विदर्भात काढणीला आलेला हरभरा आणि गहू आडवा झाला. २०२३ मध्ये नोव्हेंबर संपता संपता पुन्हा अवेळी पाऊस आणि गारपीट झाली.

गारांचा मारा सगळ्यांना दिसतो. साध्या रिमझिमीने होणारं नुकसान दिसत नाही, आणि ते सोसावं लागणारं पीक मराठवाड्यात बहुतेक वेळा हरभरा असतं.

हरभऱ्याच्या पानांवर, देठांवर, घाट्यांवर बारीक ग्रंथियुक्त लव असते. तिच्यातून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल पाझरतं. पहाटे हरभऱ्यातून चालत गेलं की पाय चरचरतात ते यामुळे. जुन्या घरांत पहाटे पिकावर पांढरं धोतर अंथरून, ते दवाने भिजलं की पिळून हे आम्लयुक्त पाणी बाटलीत भरून ठेवायची रीत होती. हीच आंब. पोटदुखीवर दिली जायची. झाडासाठी मात्र ती संरक्षक लेप आहे. हैदराबादजवळ पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेत झालेल्या अभ्यासात ऑक्झॅलिक आम्लामुळे घाटेअळीची वाढ खुंटते असं दिसलं. पाऊस पडला की हा लेप धुतला जातो. गावात म्हणतात, ‘खार धुऊन गेला.’ अनुभवातून आलेलं हे वाक्य रसायनशास्त्राच्या कसोटीलाही उतरतं.

खार गेला, आभाळ राहिलं, रात्रीचं तापमान चढलं, की घाटेअळीला रान मोकळं मिळतं. तिचा पतंग कोवळ्या शेंड्यांवर आणि फुलांवर एकेक अंडं घालतो. एक अळी आपल्या आयुष्यात साधारण ३० ते ४० घाटे पोखरते, अर्धं अंग आत आणि अर्धं बाहेर ठेवून. नेमक्या याच वेळी चिखलामुळे शेतात शिरता येत नाही. हिवाळी पावसाची खरी कोंडी इथे आहे: किडीचे दिवस आणि वाफसा नसलेले दिवस एकच असतात. म्हणून अळ्या दिसायच्या आधी उभे केलेले कामगंध सापळे आणि पक्षीथांबे मोलाचे. धुऱ्यावरून नजर टाकली तरी सापळ्यात किती पतंग अडकले ते कळतं आणि चिमण्या-साळुंक्यांना चिखलाची अडचण नसते. विषाणूवर आधारलेलं ‘हेलिओकील’ वापरायचं तर फवारणी संध्याकाळी करायची, कारण उन्हातले अतिनील किरण त्यातला विषाणू निकामी करतात.

जमिनीखालीही गोष्टी बिघडत असतात. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळं आणि त्यांच्यावरच्या नत्र धरणाऱ्या गाठी गुदमरतात. झाड लगेच कोमेजत नाही. आठवड्याने खालची पानं पिवळी पडतात. अशा वेळी शेतकरी सरसकट ‘मर लागली’ म्हणतात, पण उपटून बघितलं तर फरक कळतो. खोड उभं चिरल्यावर आत काळपट तपकिरी रेघ दिसली तर ती फ्युजेरियम बुरशीची खरी मर. जमिनीलगतची मान कुजलेली आणि तिथे पांढरी बुरशी व मोहरीएवढे दाणे दिसले तर ती ओलीची कूज. पहिलीवर विजयसारखा प्रतिकारक वाण पेरणं हा उपाय, दुसरीवर पाण्याला वाट काढून देणं. औषध बदलून दोन्ही भागत नाहीत. शिवाय भरपूर ओल मिळालेला हरभरा माजतो: शेंडे वाढतात, पाला गर्द होतो, फुलं गळतात. दुरून पीक बहारदार दिसतं आणि घाटे मोजायला गेलं की हातात काही येत नाही.

पंचनाम्याची अडचण इथेच आहे. २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की महसुली भाषेत ती अतिवृष्टी. अवेळी पावसाला राज्याने स्वतंत्र आपत्ती मानलं आहे, २०२३ साली ‘सततचा पाऊस’ ही आपत्तीही त्यात आली, ही चांगली गोष्ट झाली. पण मदतीसाठी नुकसान ३३ टक्क्यांवर असावं लागतं आणि ते पाहणीच्या दिवशी डोळ्यांना दिसावं लागतं. गारांनी झोडपलेलं शेत दिसतं. गुदमरलेलं मूळ दिसत नाही. तलाठी आणि कृषी सहायक येऊन गेल्यावर आठवड्याने शेत पिवळं पडतं. पाहणीची दुसरी फेरी नियमातच हवी.

आणि त्याच रात्रीचा तोच पाऊस धुऱ्यापलीकडच्या ज्वारीला वरदान ठरू शकतो. कोरडवाहू मालदांडी डिसेंबरात पोटरीत असते, निसवायला लागते. जमिनीतला साठा संपत आला की खडखड्या रोगाची बुरशी कमकुवत ताटात शिरते, खोड आतून पोकळ होतं आणि दाणा भरायच्या आत ताटं कोलमडतात. पोटरीतल्या ज्वारीला एक पाऊस मिळाला की हा धोका टळतो, पानांवरचा मावा आणि त्याचा चिकटाही धुऊन जातो. फेब्रुवारीत, दाणा पक्का झाल्यावर हाच पाऊस आला तर मात्र मोत्यासारखी ज्वारी काळी पडते आणि भाकरीची चवही जाते. लातूरकडे आणि नांदेडच्या दक्षिण भागात मार्गशीर्ष अमावास्येला येळवस करतात, भज्जी-आंबील घेऊन सगळं घर रानात जातं. त्या सुमाराला पडलेला पाऊस भला की बुरा, याचं एका तालुक्यापुरतं एकच उत्तर निघत नाही.

कापसाचं उत्तर तेवढं सोपं आहे. फुटलेलं बोंड भिजलं की रुईवर बुरशीची करडी झाक येते, ओल टिकली तर सरकीला बोंडातच कोंब फुटतो. भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव, त्यापुढे कपात, आणि १२ टक्क्यांवर खरेदी बंद. काढून ठेवलेल्या तुरीवर ताडपत्री टाकली तरी पाऊस उघडताच ती काढावी लागते, नाहीतर ढीग आतून वाफ धरतो.

पाण्याला वाट करून देणं हा यातला सगळ्यात जुना उपाय. इक्रिसॅटने काळ्या जमिनींसाठी १९७० च्या दशकापासून रुंद वरंबा-सरीच्या पद्धतीवर काम केलं. तीच आज ‘बीबीएफ’ यंत्राच्या नावाने गावोगावी पोचली आहे. वरंब्यावर पीक, सरीतून निचरा, आणि कमी पावसात त्याच सरीत ओल. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो. पावसाआधी दोन दिवस अंदाज हातात असला तर काढलेलं पीक झाकता येतं, सऱ्यांची तोंडं मोकळी करता येतात आणि वाया जाणारी फवारणी थांबवता येते.

जनावरांचा विचार या सल्ल्यांत शेवटी येतो, घरात तो आधी येतो. कंधार तालुक्याचं नाव लावणारी लाल कंधारी गाय आणि उदगीर-देवणीकडची देवणी, दोन्ही उन्हाला कणखर. कोरड्या थंडीचंही त्यांना फारसं काही वाटत नाही. ओलं अंग, वारा आणि थंडी एकत्र आली की मात्र केसांमधला उबदार हवेचा थर नाहीसा होतो. वासरं आणि उस्मानाबादी शेळीची करडं यांना न्यूमोनिया होतो तो बहुतेक अशाच रात्रींत. गोठ्यात कोरडं अंथरूण टाकणं हे औषधाच्या आधीचं काम आहे. ओल्या मातीत खुरं भिजून मऊ पडतात, जुवाखाली ओलं कातडं घासून बैलाचे खांदे येतात. थंड दमट हवेत लाळ्या खुरकुताचा विषाणूही जास्त काळ टिकतो. विजांच्या वेळी जनावर झाडाखाली बांधू नये, हे सगळ्यांना माहीत असतं. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप त्याची वेळेवर आठवण करून देतं.

एक धोका हिरवाईतूनच येतो. खरिपाची ज्वारी काढलेल्या रानात धसकटांना पावसाने कोवळे फुटवे येतात. उपाशी जनावर त्यावर तुटून पडतं. या फुटव्यांत धुरिन नावाचं द्रव्य भरपूर असतं आणि पोटात त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल तयार होतं. ते पेशींना ऑक्सिजन वापरू देत नाही. जनावर धापा टाकत काही मिनिटांत कोसळतं. गावात याला किराळ लागणं म्हणतात. उपचार आहे, पण पशुवैद्यक पोचायला वेळ हवा असतो आणि तोच मिळत नाही. अशा रानाजवळ चारायला न्यायच्या आधी जनावरांना पोटभर वाळला चारा घालणं आणि फुटव्यांपासून त्यांना दूर ठेवणं, एवढंच हातात असतं.

उरतो कडबा. फेब्रुवारीत कणसं खुडून झाल्यावर पेंढ्या रानात पडलेल्या असतानाच पाऊस येतो. दोन दिवसांच्या उन्हात वरून त्या वाळल्यासारख्या दिसतात आणि त्यांची बनीम, म्हणजे गंजी, रचली जाते. आत राहिलेल्या ओलीवर बुरशी वाढते, तिच्या श्वसनाने उष्णता तयार होते आणि मधल्या पेंढ्या शिजल्यासारख्या होतात. ओल धरलेली पेंड आणि सोयाबीनची गुळी यांचंही तसंच. त्यांच्यावर वाढणाऱ्या ॲस्परजिलस बुरशीचं अफ्लाटॉक्सिन जनावराच्या यकृतावर घाला घालतं आणि त्याचा अंश दुधात उतरतो. मे महिन्यात बनीम उघडली की मधून कुबट वास येतो. म्हैस हुंगते आणि तोंड फिरवते. काळ्या पेंढ्या वेगळ्या काढून उकिरड्यात टाकायच्या, गाभण आणि दुभत्या जनावरांपुढे त्यातली एकही जाऊ द्यायची नाही, आणि उरलेल्या कडब्यावर मृगाचा पाऊस येईपर्यंतचे दिवस काढायचे.