इनामगावची दफने आणि उत्खननकर्त्याचे दायित्व

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या तीरी, डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात इनामगावचे जे उत्खनन केले, त्यात ताम्रपाषाणयुगीन घरांच्या भुईखाली, तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या दोन कुंभांत पुरलेली बालके आणि घोट्यापासून पावले छेदलेल्या प्रौढांचे सांगाडे आढळले. आपल्या मृत आप्तांना घराच्याच आसऱ्याला ठेवणाऱ्या त्या कुटुंबांची संमती आज घेता येत नाही. म्हणूनच प्रत्येक अस्थीचे स्थान, दिशा आणि सोबतची भांडी यांची तपशीलवार दप्तरी नोंद, अवशेषांचे शास्त्रशुद्ध जतन व प्रदर्शनातील संयम हे उत्खननकर्त्याचे अपरिहार्य कर्तव्य ठरते. जेथे नोंद नाही आणि मृतांचा सन्मानही नाही, त्या उकराउकरीस संशोधन म्हणू नये.