उजेडाचा हिशेब उशीपासून

दुपारी चार वाजता पश्चिमेकडच्या वॉर्डात एक ठरलेले दृश्य दिसते. खिडकीसमोरच्या खाटेवरचा रुग्ण डोळ्यांवर आडवा हात घेऊन पडलेला असतो. थोड्या वेळाने नातेवाईक खिडकीच्या गजांना चादर नाहीतर जुनी साडी बांधतात. ऊन थांबते, पण अंधारून येते म्हणून ट्यूबलाइट लावली जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चादर कोणी काढत नाही. मग रुग्णाच्या वाट्याला सकाळ, दुपार आणि रात्र यांत फरक नसलेला एकच फिकट उजेड येतो.

ही केवळ गैरसोय नाही. पाहणे हे डोळ्याचे एक काम. वेळ ओळखणे हे दुसरे. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाचे डेव्हिड बर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवून दिले, की दृष्टिपटलातील काही थोड्या चेतापेशी स्वतःच प्रकाशाला प्रतिसाद देतात. त्यांच्यात मेलॅनॉप्सिन नावाचे रंगद्रव्य असते. ‘आता दिवस आहे’ हा निरोप मेंदूतील घड्याळाला प्रामुख्याने या पेशी पोहोचवतात आणि निळसर उजेडाला त्या सर्वाधिक दाद देतात. या संशोधनाच्या आधारे २०२२ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने निरोगी प्रौढांसाठी शिफारस केली. या पेशींच्या संवेदनशीलतेनुसार मोजलेला उजेड दिवसा डोळ्यापाशी किमान २५० लक्स असावा, झोपेपूर्वीचे तीन तास १० लक्सच्या आत आणि झोपेत १ लक्सच्या आत असावा. यात ‘डोळ्यापाशी’ हा शब्द महत्त्वाचा. टेबलावर किंवा जमिनीवर पडलेला उजेड येथे मोजायचा नाही.

रुग्णालयातील वयस्कर रुग्णांचे दिवस-रात्रीचे भान सुटणे, त्यांना भ्रम होणे हे डॉक्टरांना नवे नाही. संसर्ग, औषधे, वेदना, अपुरी झोप अशी त्याची अनेक कारणे असतात. उजेडाचा अभाव हे त्यांतले एक. पण ते इमारतीच्या नकाशातच बरेचसे ठरून जाते आणि नंतर बदलणे अवघड असते. म्हणून खिडकी आणि पडदा यांतून उजेड नेमका कसा आत येईल, हे बांधकामाआधी कळले तर त्याचा रुग्णाला थेट उपयोग आहे. आज ते संगणकावर बऱ्याच अचूकपणे काढता येते.

यातली मुख्य अडचण उजेड ‘किती’ ही नसून ‘कुठे’ ही आहे. स्वच्छ काचेतून ऊन जवळजवळ सरळ आत येते. जमिनीवर लख्ख पट्टा आणि बाकी खोली त्यामानाने अंधारी. पट्ट्यांच्या ब्लाइंडमध्ये ते पट्टीवर आपटून छताकडे वळते. विणलेल्या पडद्यात काही किरण छिद्रांतून थेट निसटतात, तर काही धाग्यांवर आपटून चहूकडे विखुरतात. गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ, चपटे तुकडे बसवलेले असत. त्यातून बाहेरचे दिसत नाही, पण मऊ, पसरलेला उजेड आत येतो. दुधी काचही हेच करते. मात्र तिच्यावर थेट ऊन पडले, की ती खिडकीच्या आकाराचा दिवा बनते आणि समोरच्याचे डोळे दिपवते. ‘दुधी काच लावली की चकाकीचा प्रश्न मिटला’ ही समजूत म्हणूनच अर्धीच खरी आहे.

संगणकाला हा फरक समजावण्यासाठी आधी त्या वस्तूची परीक्षा घ्यावी लागते. काचेचा किंवा पडद्याचा तुकडा एका यंत्रात बसवतात. त्यावर वेगवेगळ्या कोनांतून प्रकाशझोत सोडतात आणि प्रत्येक वेळी पलीकडे कोणत्या दिशेला किती उजेड गेला, हे मोजतात. अमेरिकी संशोधक जोसेफ क्लेम्स यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत खिडकीच्या एका बाजूच्या सर्व दिशांचे १४५ भाग पाडतात. येणाऱ्या उजेडाच्या १४५ दिशा, जाणाऱ्या उजेडाच्या १४५. म्हणजे २१,०२५ आकड्यांची एक सारणी तयार होते. ही त्या पडद्याची जणू कुंडलीच. ‘हा पडदा ३० टक्के उजेड आत सोडतो’ या एका आकड्यापेक्षा ती कितीतरी अधिक सांगते. दोन पडदे सारखाच ३० टक्के उजेड सोडत असले, तरी एक तो छतावर टाकतो आणि दुसरा थेट डोळ्यांत.

पुढचे काम ‘रेडिअन्स’ नावाच्या संगणकप्रणालीचे. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत ग्रेग वॉर्ड यांनी १९८०च्या दशकाच्या मध्यास ती रचायला सुरुवात केली. तिची मूळ युक्ती उलट्या प्रवासाची आहे. सूर्याकडून निघणाऱ्या असंख्य किरणांपैकी खोलीतल्या एका माणसाच्या डोळ्यापर्यंत फारच थोडे पोहोचतात. सगळ्यांचा पाठलाग करणे व्यर्थ. म्हणून प्रणाली डोळ्यापासून सुरुवात करते. या दिशेने दिसणारा उजेड कोणत्या भिंतीवरून आला, भिंतीवर कोणत्या खिडकीतून आला, खिडकीवर आकाशाच्या कोणत्या भागातून आला, असा माग ती मागे मागे काढत जाते.

वर्षात ८,७६० तास असतात आणि त्यांपैकी सुमारे निम्मे दिवसाचे. प्रत्येक तासासाठी हा माग नव्याने काढायचा तर संगणकही थकेल. म्हणून हिशेबाचे तीन तुकडे करतात. आकाशापासून खिडकीपर्यंत, खिडकी-पडद्याच्या आरपार आणि खिडकीपासून डोळ्यापर्यंत. प्रत्येक तुकड्याची सारणी एकदाच तयार होते. एकदा पाढे पाठ असले की पुढचे गुणाकार झटपट होतात, तसेच येथे घडते. दर तासाला बदलते ते फक्त आकाश. पडदा बदलून पाहायचा असेल तर मधली एक सारणी काढून दुसरी घालायची. खोली, खाट, खिडकी जागच्या जागी राहतात.

हे केवळ प्रयोगशाळेत राहिलेले नाही. न्यूयॉर्क टाइम्सची ५२ मजली इमारत २००७ मध्ये सुरू झाली. वास्तुरचनाकार रेन्झो पियानो यांनी तिला जमिनीपासून छतापर्यंत स्वच्छ काच आणि बाहेरून सिरॅमिकच्या आडव्या नळ्यांचे आवरण दिले. एवढ्या काचेत बसून संगणकावर काम करणाऱ्यांचे डोळे दिपणार, ही भीती होतीच. म्हणून क्वीन्स भागात सुमारे साडेचार हजार चौरस फुटांची नमुना-खोली बांधून बर्कलीच्या संशोधकांनी आपोआप वर-खाली होणारे पडदे आणि मंद होणारे दिवे काही महिने तपासले. नमुना-खोलीभोवती मॅनहॅटनचे मनोरे नव्हते. शेजारच्या इमारतींच्या सावल्यांचा परिणाम काढण्यासाठी संगणकीय प्रतिरूपाचाच आधार घ्यावा लागला.

अर्थात, या हिशेबाला मर्यादा आहेत आणि रुग्णाच्या दृष्टीने त्या समजून घेणे आवश्यक आहे. पहिली मर्यादा गणिताची. आकाशात सूर्याचे बिंब जेमतेम अर्धा अंश रुंद दिसते. क्लेम्स पद्धतीतला एकेक भाग मात्र साधारण १० ते १५ अंशांचा असतो. त्यामुळे पडद्याच्या छिद्रातून येणारी उन्हाची तीक्ष्ण तिरीप या हिशेबात मोठ्या भागावर पसरवली जाते आणि सौम्य भासते. एकूण उजेडासाठी हे चालते, डोळे दिपण्याच्या प्रश्नाला चालत नाही. म्हणून नव्या पद्धतींत थेट उन्हाचा हिशेब वेगळा आणि अधिक बारकाईने करतात.

दुसरी मर्यादा माणसांची. डोळे किती दिपतील याचे सर्वाधिक वापरले जाणारे एक मापन यान विनोल्ड आणि येन्स क्रिस्टोफरसेन यांनी २००६ मध्ये मांडले. ते जर्मनी आणि डेन्मार्कमधील, कार्यालयासारख्या खोल्यांत टेबलापाशी काम करणाऱ्या व्यक्तींवरच्या प्रयोगांतून आले आहे. खाटेवर पडलेला रुग्ण टेबलाकडे पाहत नाही. तो छताकडे आणि खिडकीच्या वरच्या भागाकडे, म्हणजे आकाशाच्या सर्वांत उजळ तुकड्याकडे पाहत असतो. शिवाय मान वळवणे किंवा उठून पडदा ओढणे त्याला शक्य असेलच असे नाही.

तिसरी मर्यादा वयाची. मोतीबिंदू होऊ लागला, की डोळ्यातले भिंग स्वतःच दुधी काचेसारखे वागते. पडद्यातून विखुरलेला उजेड डोळ्याच्या आत पुन्हा विखुरतो. तरुण परिचारिकेला सुखद वाटणारी खिडकी सत्तरीतल्या रुग्णाला असह्य होऊ शकते. दुसरीकडे, वाढत्या वयात पिवळसर होणारे भिंग निळसर उजेड अडवते. म्हणजे वृद्धांना दिवसाचा उजेड अधिक हवा, पण दिपवणारा नको. ही कसरत अंदाजाने साधत नाही.

उजेड मऊ करण्याच्या नादात बाहेरचे दृश्यही पुसले जाऊ नये. रॉजर उल्रिच यांनी १९८४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. अभ्यास अवघ्या ४६ रुग्णांचा होता, त्यामुळे त्यावर फार मोठा इमला रचता येत नाही. पण पडदा निवडताना हा विचार मनात असावा.

महाराष्ट्रात या हिशेबाला स्वतःचे गणित आहे. मुंबईत २२ डिसेंबरला दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो आणि मार्चमध्ये ७१ अंशांवर. दक्षिणेच्या खिडकीला पुरेसा छज्जा असला तर दुपारचे बरेचसे ऊन अडते. पश्चिमेला मात्र सूर्य खाली उतरून समोरूनच येतो. तेथे छज्जा हतबल ठरतो. अशा खिडकीला बाहेरून उभ्या पट्ट्या किंवा खाली-वर करता येणारी बांबूची चिक अधिक कामाची. बाहेर अडवलेले ऊन उष्णताही बाहेरच ठेवते. आतल्या पडद्यापर्यंत पोहोचलेली उष्णता बरीचशी खोलीतच राहते. मात्र परदेशी कापडाची सारणी आपल्या बांबूच्या चिकेला लागू पडत नाही, तिची परीक्षा वेगळी घ्यावी लागते. ‘रेडिअन्स’ २००२ पासून मुक्त प्रणाली म्हणून उपलब्ध आहे. म्हणजे वॉर्डाच्या नकाशाला मंजुरी देण्यापूर्वी हा हिशेब मागायचा, तर सॉफ्टवेअरची किंमत आड येत नाही. हिशेबातला डोळा कुठे ठेवायचा, हे मात्र मागणाऱ्याने सांगितले पाहिजे. तो उशीवर हवा.

घरी कोणी अंथरुणाला खिळले असेल, तर संगणकाशिवायही बरेच करता येते. सकाळी नऊ वाजता आणि दुपारी चार वाजता त्या खाटेवर स्वतः आडवे होऊन पाहावे. खिडकी थेट डोळ्यांसमोर येत असेल तर खाट वळवून ती बाजूला घ्यावी. पश्चिमेच्या खिडकीतून सकाळी ऊन येत नाही, आकाशाचा उजेड येतो. नेमका तोच हवा असतो, म्हणून दुपारी ओढलेला पडदा सकाळी आठवणीने उघडावा. रात्री फक्त पाऊल नीट पडेल इतका मंद, पिवळसर दिवा खाली, जमिनीलगत असावा. बंद काचेतून आलेल्या उन्हाने ‘ड’ जीवनसत्त्व मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. त्यासाठी लागणारे अतिनील किरण साधी काच अडवते. आणि खिडकीला बांधलेली जुनी साडी दिसली, तर ती काढायला सांगण्यापूर्वी ती कोणत्या वेळच्या उन्हासाठी बांधली आहे, हे रुग्णाला विचारावे.