वास जातो कुठे?

लोणच्याचा प्लॅस्टिकचा डबा चार वेळा घासला, नाकाशी धरून पाहिला, वास नाही. समाधानाने झाकण लावून फडताळात ठेवला. दुसऱ्या दिवशी साखर भरायला उघडावा, तर हिंग, मेथी, मोहरी सगळी मंडळी आत हजर! हा अनुभव घरोघरचा आहे. भांडी घासणाऱ्या बाईच्या नावाने बोटे मोडण्याआधी आपण त्या डब्याचा स्वभाव समजून घेऊ.

वास म्हणजे पदार्थातून उडणारे अतिसूक्ष्म कण. शास्त्राच्या भाषेत रेणू. यातले बहुतेक पाण्यापेक्षा तेलात अधिक सुखाने विरघळतात. काच, स्टील आणि झिलई दिलेली चिनी मातीची बरणी यांचे अंग घट्ट असते. तेल वर बसते, साबण लावला की निघून जाते. प्लॅस्टिकचे तसे नाही. आपले नेहमीचे डबे ज्या पॉलिथिनचे किंवा पॉलिप्रॉपिलीनचे असतात, ते खनिज तेलापासूनच तयार होते. तेलाच्या गोतावळ्यातलेच म्हणा ना! त्यामुळे तेलकट आणि वासाचे रेणू त्याच्या पृष्ठभागावर थांबत नाहीत, आत शिरून मुक्काम करतात. पदार्थ गरम असेल तर आणखी लवकर. साबणाचा हात फक्त उंबऱ्यापर्यंत पोहोचतो. आत बसलेला पाहुणा झाकण लागल्यावर हळूहळू बाहेर येतो आणि डब्यातल्या कोंडलेल्या हवेत साठतो. म्हणून धुतल्याबरोबर वास येत नाही, दुसऱ्या दिवशी येतो.

ही अडचण केवळ स्वयंपाकघरातली नाही. पिंपातली बिअर नळीतून तोटीपर्यंत आणून विकणाऱ्यांचा तर तो रोजचा प्रश्न आहे. त्या नळीत दोन वेगवेगळ्या गोष्टी घडतात. एक, तिच्या आतल्या बाजूला बुरशी, जिवाणू आणि प्रथिनांचा थर धरतो, शिवाय कॅल्शियम ऑक्झलेटचा दगडासारखा कीटही चढतो. हा मळ धुऊन निघतो. अमेरिकेतल्या बिअर उत्पादकांच्या संघटनेने घालून दिलेला नियम असा, की दर 14 दिवसांनी कॉस्टिकचे, म्हणजे क्षाराचे, कोमट द्रावण नळीतून किमान 15 मिनिटे फिरवायचे आणि दर तीन महिन्यांनी आम्लाने कीट काढायचा. दरवेळी शेवटी स्वच्छ पाण्याने नळी पूर्ण धुऊन काढायची, हे तर ओघाने आलेच.

दुसरी गोष्ट मात्र धुऊन जात नाही. तिकडे ‘रूट बिअर’ नावाचे एक गोड पेय मिळते. नावात बिअर असली तरी साधारणपणे त्यात मद्य नसते. त्याला बहुतेक वेळा विंटरग्रीनचा स्वाद असतो. आपल्याकडे सांधेदुखीच्या मलमांना जो उग्र वास येतो, तोच हा वास! साध्या प्लॅस्टिकच्या नळीतून एकदा हे पेय वाहिले, की पुढे कितीही कॉस्टिक फिरवा, मागून येणाऱ्या बिअरला मलमाची आठवण राहते. फळांच्या स्वादाच्या पेयांचेही तेच. म्हणून त्या धंद्यातले जाणते लोक अशा पेयांना स्वतंत्र नळी देतात आणि पेय बदलायचे झाले, तर नळीच बदलतात. आतून नायलॉनसारखे अस्तर असलेल्या नळ्या वास कमी धरतात, पण त्या महाग पडतात.

हेच शहाणपण आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. कुणाकडे दुधाचे पातेले वेगळे, कुणाकडे ताकाची बरणी वेगळी. आमच्याकडे ईदच्या शीरखुर्म्याच्या पातेल्यात कधी सालन शिजत नाही. आपण त्याला सोवळे म्हणा, रीत म्हणा. मुळात ती त्या नळीसारखीच व्यवस्था आहे.

आता उपाय. मासळीचा वास क्षारधर्मी असतो, म्हणून लिंबू, चिंच, कोकम यांच्या आंबटाने तो मारला जातो. आंबूस, नासक्या वासाला याउलट खाण्याचा सोडा लागू पडतो. हळदीचा पिवळा डाग उन्हात फिका पडतो. आत मुरलेल्या वासाला मात्र एकच औषध : झाकण काढून ऊन, वारा आणि वेळ. उष्णतेने रेणू बाहेर पडतात, वारा त्यांना घेऊन जातो. वास गेला का, हे पाहायचे तर धुतल्या धुतल्या हुंगू नका. डबा रात्रभर बंद ठेवून सकाळी उघडा, म्हणजे तो खरे बोलेल.

इथवर प्रश्न चवीचा होता. पण हिंगाचे रेणू जसे प्लॅस्टिकमध्ये शिरतात, तसे विषाचेही शिरतात. 16 जुलै 2013 रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावी शाळेतले माध्यान्ह भोजन खाऊन 23 मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडले. ते तेल कीटकनाशकाच्या डब्यात ठेवले गेले असावे, असा अधिकाऱ्यांचा कयास होता. तेलाचा वास बरा नाही, असे स्वयंपाकिणीने सांगितल्याचे त्या वेळी वृत्तपत्रांत आले होते. तिच्या नाकाचे कुणी ऐकले नाही.

आणि नाकावरही सगळा भार टाकता येत नाही. ते थोड्या वेळात कोणत्याही वासाला सरावते, शिवाय कित्येक विषांना वासच नसतो. वास गेला म्हणजे विष गेले, असे नव्हे. तरीही आपल्याकडे फवारणीच्या औषधाचा रिकामा कॅन धुऊन पाण्याला, रॉकेलला, कधी तेलाला वापरला जातो. चांगला मजबूत कॅन टाकवत नाही, हे समजण्यासारखे आहे. परंतु कीटकनाशकांच्या 1971च्या नियमांतच सांगितले आहे, की रिकामी वेष्टने फोडून वस्तीपासून दूर पुरावीत. फोडून, म्हणजे पुन्हा कुणाला वापरण्याचा मोह होऊ नये म्हणून.

लोणच्याच्या डब्यात पुन्हा लोणचेच भरा, फार तर साखरेला हिंगाचा वास लागेल. औषधाच्या कॅनला मात्र भोक पाडा. शेतावरून तो घरी आणूच नका.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)